विश्लेषण : ‘गाडगीळ सूत्र’ मांडणारे नाशिकचे आर्थिक इतिहासकार कोण होते?

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना ‘गाडगीळ सूत्र’ पाठ असते : केंद्राची योजना-मदत राज्यांत वाटताना लोकसंख्येला ६० टक्के भार, उरलेल्या ४० टक्क्यांत इतर चार निकष. पण ते मांडणारे धनंजय रामचंद्र गाडगीळ मुळात आर्थिक इतिहासकार होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

कारागीर का बुडाला?

गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. शिक्षण नागपूर आणि केंब्रिजला. तेथील प्रबंधातून १९२४मध्ये भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. विलायती मालाने शहरी कारागीर बुडाला, एवढे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. संस्थानिकांचे दरबार गेले, म्हणजे मोठे गिऱ्हाईकच गेले; नव्या राजवटीत वरच्या वर्गाची आवड बदलली; यंत्राच्या मालाशी स्पर्धा होतीच. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

कागद नसतील तर?

तर ते तयार करायचे! १९३०मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. १९६६पर्यंत गाडगीळ तिचे संचालक होते. संस्थेने १९३६-३७मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. वाई तालुक्यातील शेती आणि सोलापूर शहर यांचेही अभ्यास झाले. तेव्हा हे वर्तमानाचे मोजमाप होते. आज महायुद्धापूर्वीचे पुणे समजून घ्यायचे तर हीच पाहणी इतिहासाचे साधन ठरते. संस्थेच्या ग्रंथालयाला आता धनंजयरावांचेच नाव आहे.

आकड्यांचे पुढे काय?

रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणी समितीत ते सदस्य होते. १९५१-५२मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के निघाला. सहकार मोडीत काढा, असे म्हणायला हे आकडे पुरेसे होते. समितीने उलट सुचवले : सरकारने भागभांडवल घालून सहकार सावरावा. गाडगीळ यांच्यासाठी हा केवळ कागदावरचा विषय नव्हता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीत उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते.

१९६७मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. मदतवाटपाला ठरावीक कसोटी नाही, ही राज्यांची तक्रार होती. चौथ्या योजनेत (१९६९-७४) सूत्र लागू झाले. ३ मे १९७१ रोजी धनंजयरावांचे निधन झाले, तेव्हा ती योजना निम्मीही झाली नव्हती.