एका जोडीवर किती यंत्रे चालतील?

बडोद्याच्या मांडवीजवळची घडियाळी पोळ पाहिलेल्यांना अरुंद गल्ली आणि भिंतीला भिंत लागून असलेली घरे म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी कारागिराला विजेची मोटार सोयीची. बैलाला तिथे वळायलाही जागा नाही. पण गावाकडे जागा आहे. नांगरणी-पेरणी उरकली की दावणीला उभी राहणारी जोडीही आहे. तिच्यावर एखादा लहान कारखाना चालेल का, असे शेतकरी आम्हांला विचारतात.

बडोद्याला ही कल्पना नवी नाही. 1862 साली खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरचे डबे बैलच ओढीत होते. तेलाचा घाणा आणि गुऱ्हाळातला चरक तर आपल्या घरचेच.

आता हिशेब पाहू. साडेतीनशे किलोचा एक, अशा दोन बैलांची जोडी सत्तर किलोच्या आसपास ओढ सतत देऊ शकते. मिनिटाला पन्नास मीटर चाल धरली तर ही शक्ती पाऊण अश्वशक्ती होते. दातेरी चाके आणि पट्टे यांत पाव हिस्सा गेला, तर हाती अर्धी अश्वशक्ती उरते. एवढ्यावर कडबा कापण्याचे यंत्र चालेल, लहान जाते चालेल किंवा धार लावण्याचा दगड फिरेल. मात्र तिन्ही एकदम चालणार नाहीत.

दुसरी अडचण वेगाची. तीन मीटर लांबीच्या दांड्याला जुंपलेले बैल मिनिटाला जेमतेम अडीच फेरे घेतात. यंत्राला दोनशे फेरे हवे असतील तर वेग ऐंशीपट वाढवावा लागतो. दातेरी चाकांनी दहापट आणि पट्ट्याने आठपट, असे दोन टप्पे करावेत. वेग वाढतो तशी फिरवण्याची ताकद त्याच प्रमाणात घटते, हे विसरू नये.

हा वेग एका लांब लोखंडी दांड्यावर घ्यावा आणि त्यावर प्रत्येक यंत्रासाठी पुली बसवावी. यंत्राच्या बाजूला दोन पुल्या शेजारी ठेवाव्यात, एक घट्ट आणि एक मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की ते यंत्र थांबते आणि दांडा फिरत राहतो. सकाळी कडबा, मग दळण, मग धार, अशी पाळी लावली की चार घरांना एकच दांडा पुरतो. शेअरबाजी पैशात नव्हे, वेळेत करावी लागते.

पण फिरता दांडा माणूस ओळखत नाही. साडीचा पदर, धोतराचा सोगा, उपरणे किंवा वेणी त्यात गुंतली तर बैल थांबेपर्यंत अनर्थ झालेला असतो. म्हणून दांड्यावर व पट्ट्यांवर लाकडी पेटीचे झाकण हवेच. मुलांना तिथे येऊ देऊ नये. बैल हाकणारा आणि यंत्रावरचा माणूस एकमेकांना दिसले पाहिजेत. बैल अचानक थांबले तर जड चाकाच्या जोराने दांडा त्यांच्या अंगावर ढकलला जाऊ नये, यासाठी मध्ये खटका बसवून घ्यावा.

बैलांचीही काळजी घ्यावी. आतला व बाहेरचा बैल रोज बदलावा. वर सावली आणि पायाखाली मऊ माती असावी. तासाभराने विसावा व पाणी द्यावे. भर दुपारी जुंपू नये. जू खांद्याला नीट बसत नसेल तर खांदा सुजतो. सुजलेल्या खांद्याचा बैल बरा होईपर्यंत जुंपूच नये.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटार यापेक्षा स्वस्त पडेल, हे आम्ही मान्य करतो. जिथे वीज भरवशाची आहे, तिथे मोटारच घ्यावी. पण जिथे ती वारंवार जाते आणि बैल घरचेच आहेत, तिथे चार घरांनी एकत्र बसून हिशेब मांडायला हरकत नाही. मात्र झाकणाचा खर्च त्या हिशेबात पहिला लिहावा.