शिकवणीच्या बाईंचा पहिला फोन

शिकवणीच्या बाईंचा पहिला फोन येणार म्हटले की आपल्या वस्तीतल्या आया बावरतात. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, बोलायचे काय? आम्ही म्हणतो, बाईंना मुलाची माहिती हवी असते, आणि ती आईइतकी कुणाला! पोर भागाकाराला अडते की वाचताना, अभ्यासाला कुठे बसते, सारे सांगावे. प्रगतिपुस्तक शेजारच्या ताईकडून आधी वाचून घ्यावे. फी किती, पगार उशिरा झाला तर थांबणार का, हेही न लाजता विचारावे. (शाळेतल्याच गुरुजींनी शिकवणी लावा म्हटले, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 28 ध्यानात असू द्या: शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही.) पोराच्या देखत ‘हा ढच आहे’ असे फोनवर बोलू नका. आणि फोन ड्यूटी सुटल्यावर करा, असे बाईंना आधीच कळवावे.