दाखवलेली गाडी, दिलेला शब्द

जानेवारी १९९०च्या पहिल्या आठवड्यात, लॉस एंजेलिसमध्ये, जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी पत्रकारांसमोर एक दोन आसनांची, थेंबाच्या आकाराची गाडी उभी केली. तिला पेट्रोलची टाकी नव्हती, सायलेन्सर नव्हता, बदलायला गिअरही नव्हते. नाव होतं ‘इम्पॅक्ट’. सोबतच्या चित्रफितीत ती माझदाच्या मियाटा या चपळ गाडीला मागे टाकून निघून जाताना दिसत होती. उभ्या जागेवरून ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठायला तिला आठ सेकंद पुरत. विजेची गाडी म्हटलं की गोल्फच्या मैदानावर फिरणारं डबडं डोळ्यांसमोर येण्याचे ते दिवस होते. त्यामुळे पाहणारे चकित झाले यात नवल नाही.

मोटारींच्या प्रदर्शनांत असे नमुने दर वर्षी मांडले जातात. फिरत्या चबुतऱ्यावर गाडी ठेवतात, फोटो निघतात, प्रदर्शन आटोपलं की गाडी गोदामात जाते आणि वर्षभरात तिची कोणाला आठवणही राहत नाही. इम्पॅक्टचं तसं झालं नाही. ती दाखवली गेली म्हणून एका राज्याने नियम केला, त्या नियमाविरुद्ध अख्खा उद्योग उभा राहिला आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या विजेच्या गाड्यांचा एक धागा थेट तिच्यापर्यंत पोचतो. गाडी अजून तयार व्हायची असताना तिचा नमुना लोकांसमोर ठेवणं म्हणजे शब्द देणं असतं, असं मला हा इतिहास वाचताना वारंवार वाटत आलं. शब्द देणाऱ्याला पुढे तो नकोसा झाला, तरी ऐकणारे विसरत नाहीत.

इम्पॅक्टची सुरुवात ऑस्ट्रेलियात झाली. १९८७ साली डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे तीन हजार किलोमीटरची सौरगाड्यांची शर्यत जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने मोठ्या फरकाने जिंकली. ती गाडी बनवण्यात ‘एरोव्हायरनमेंट’ या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीचा मोठा वाटा होता. कंपनीचे संस्थापक पॉल मॅक्रेडी हे माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणारं विमान करून दाखवणारे गृहस्थ. १९७९ साली त्यांच्या ‘गॉसमर अल्बाट्रॉस’ने इंग्लिश खाडी ओलांडली होती. थोडक्या शक्तीत जास्तीत जास्त काम कसं काढायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सूर्यप्रकाशावर खंड ओलांडता येतो, तर बॅटरीवर रोजची गाडी का नको, हा प्रश्न त्यांच्या चमूतूनच पुढे आला.

अडचण साधी होती आणि जबर होती. इम्पॅक्टमध्ये शिसं-आम्लाच्या ३२ बॅटऱ्या होत्या. त्यांचं वजन चारशे किलोच्या जवळपास, म्हणजे गाडीच्या एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. एवढं ओझं वागवून त्यांत साठत होती सुमारे साडेतेरा युनिट वीज. दीड लिटर पेट्रोल जाळलं तर जेवढी उष्णता मिळते, तेवढीच ही ऊर्जा. ती पुरवून पुरवून वापरायची तर एक कणही वाया घालवून चालणार नव्हतं. म्हणून गाडीला तो थेंबाचा आकार आला. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा एकमेकांना जवळ घेतली, म्हणजे शेपटाकडे हवा अलगद मिटत जाईल. हवेच्या विरोधाचा गुणांक ०.१९ वर आला. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचा तो ०.३०च्या पुढे असायचा. टायर कडक हवेचे, रस्त्याला कमी घासणारे. ब्रेक लावला की मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत येई. बॅटरीतली एकदिश वीज मोटरसाठी प्रत्यावर्ती करणारा इन्व्हर्टर ॲलन कोकोनी या तरुण अभियंत्याने घडवला होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

या गाडीचं दुखणं स्मिथ यांच्या माणसांना ठाऊक होतं. बॅटरीचा संच फार काळ टिकणारा नव्हता. काही हजार मैलांनंतर तो पूर्ण बदलावा लागणार होता. तरीही लोकांचा उत्साह पाहून, १९९०च्या एप्रिलमध्ये, वसुंधरा दिनाच्या तोंडावर, स्मिथ यांनी ही गाडी कारखान्यात तयार होईल असं जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले.

सप्टेंबर १९९०मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाने, ज्याला तिथे ‘कार्ब’ म्हणतात, आपला प्रसिद्ध नियम मंजूर केला. राज्यात गाड्या विकणाऱ्या सात मोठ्या कंपन्यांच्या विक्रीपैकी १९९८ सालापासून २ टक्के, २००१पासून ५ टक्के आणि २००३पासून १० टक्के गाड्या धूर अजिबात न सोडणाऱ्या असल्याच पाहिजेत. लॉस एंजेलिसच्या धुरकटाने लोक दशकानुदशकं खोकत होते. मंडळाला असा नियम हवाच होता, पण ‘हे शक्य नाही’ या उत्तरापाशी घोडं अडायचं. आता शक्य आहे हे जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या अध्यक्षाने स्वतःच भर सभेत दाखवून दिलं होतं. मंडळाने फक्त त्याचा शब्द धरला. इथे मी मनापासून मंडळाच्या बाजूचा आहे. शास्त्रज्ञांचे अहवाल वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतात. चालती गाडी कपाटात ठेवता येत नाही.

पुढे कंपनीवरच संकट कोसळलं. तोटा अब्जावधी डॉलरांवर गेला, कारखाने बंद झाले, स्मिथ यांच्यानंतर आलेले रॉबर्ट स्टेंपल यांना १९९२ साली पायउतार व्हावं लागलं. इम्पॅक्ट तयार करण्याची योजना गुंडाळून हाताने बांधलेल्या पन्नास गाड्यांवर आणली गेली. आणि या पन्नास गाड्यांनी जे केलं, ते मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

१९९४ साली कंपनीने ‘प्रिव्ह्यू ड्राइव्ह’ नावाचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांत सामान्य माणसांना ही गाडी एक-दोन आठवडे घरी न्यायला द्यायची. त्यांनी ती रोजच्यासारखी वापरायची आणि आलेला अनुभव नोंदवून द्यायचा. अट अशी की घराला स्वतःचं गॅरेज हवं आणि तिथे वीज कंपनीला चार्जर बसवता यायला हवा. चार्जिंगची तऱ्हाही वेगळी होती. पेट्रोल पंपासारखी नळी नाही, धातूची उघडी टोकं नाहीत. हातात मावणारी प्लास्टिकची एक चपटी थापी गाडीच्या नाकाडातल्या खाचेत सरकवायची. आतल्या वेटोळ्यांमधून चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर वीज पलीकडे जाई. भर पावसातही शॉक लागण्याची भीती नसे.

लॉस एंजेलिसमध्ये ऐंशीएक माणसं पुढे येतील असा कंपनीचा अंदाज होता. दहा हजार लोकांचे फोन आल्यावर लाइन बंद करावी लागली. न्यूयॉर्कमध्ये चौदा हजारांनंतर. त्याच वर्षी एका सुधारित इम्पॅक्टने ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. गाडी नेलेल्यांचा सूर चांगला होता, मोटारविषयक नियतकालिकांनी तर तोंड भरून स्तुती केली.

आणि तरीही कंपनीच्या वरच्या वर्तुळात याचा अर्थ उलटा लागला. गाडी लोकांच्या हाती द्यायची तयारी चालू होती, तेव्हाच ती चालणार नाही असं सांगण्याचीही तयारी चालू होती. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी जानेवारी १९९४मध्ये पहिल्या पानावर छापली. उपक्रमानंतर कंपनीकडून सांगितलं गेलं ते असं की लोकांना गाडी आवडते, पण विकत घ्यायला ते तयार होतील असं दिसत नाही, तेव्हा ‘कार्ब’ने नियम मागे घ्यावा. १९९६ साली मंडळाने १९९८ची अट खरोखरच काढून टाकली. नोंदी लोकांच्या होत्या. त्यांचा अर्थ लावायचा अधिकार मात्र एकट्या कंपनीकडे राहिला. माझा आक्षेप इथे आहे. फोन करणाऱ्या चोवीस हजार माणसांचं म्हणणं राज्यापर्यंत त्यांच्याच तोंडून पोचायला हवं होतं.

गाडी पुढे ‘ईव्ही१’ या नावाने डिसेंबर १९९६मध्ये रस्त्यावर आली, तीही फक्त भाडेकरारावर. दोन पिढ्या मिळून १,११७ गाड्या बनल्या. दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आली. ती ज्या कंपनीने विकसित केली, तिच्या अध्यक्षपदी तोवर तेच पायउतार झालेले स्टेंपल होते. भाडेकरार संपताच कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक सगळ्या चिरडून टाकल्या. चालवणारे लोक पैसे मोजून त्या विकत मागत होते. २००३ साली हॉलिवूडच्या एका स्मशानभूमीत त्यांनी आपल्या गाडीची अंत्ययात्रा काढली.

कोकोनी मात्र या प्रकल्पातून केव्हाच बाहेर पडला होता. त्याच्या ‘एसी प्रोपल्शन’ने १९९७ साली ‘टीझीरो’ नावाची विजेची स्पोर्ट्स कार केली. तिच्यात लिथियम-आयन बॅटरी बसवून पाहा, असा आग्रह धरून पैसे देणाऱ्या मार्टिन एबरहार्डने पुढे टेस्लाची स्थापना केली. जुलै २००६मध्ये सांता मोनिकाच्या विमानतळावरच्या एका हँगरमध्ये टेस्लाने रोडस्टरचा नमुना निमंत्रितांना दाखवला. लॉस एंजेलिसच्या त्या पत्रकार परिषदेपासून हे ठिकाण फार दूर नाही. त्या रोडस्टरमुळे जनरल मोटर्सच्याच बॉब लुट्झ यांना आपल्या कंपनीत विजेच्या गाडीचा विषय पुन्हा रेटता आला. २००७च्या जानेवारीत डेट्रॉइटला ‘व्होल्ट’चा नमुना मांडला गेला आणि २०१०च्या डिसेंबरमध्ये ती ग्राहकांच्या हाती पडली.

विजेच्या गाड्यांचे नमुने दाखवण्याची परंपरा आपल्याकडे अलीकडची, पण वेगाने वाढते आहे. टाटांनी २०१९ साली जिनिव्हात अल्ट्रोझची विजेवरची आवृत्ती दाखवली. ती विक्रीला आलीच नाही. १५ ऑगस्ट २०२२ रोजी महिंद्रांनी इंग्लंडमधल्या बॅनबरी इथे विजेच्या पाच एसयूव्हींचे नमुने मांडले. त्यांतल्या दोन नोव्हेंबर २०२४मध्ये चेन्नईत तयार रूपात आल्या. त्या बनतात आपल्या चाकणला. नोंदणी खुली झाली त्या पहिल्याच दिवशी तीस हजारांवर मागण्या आल्या. पुण्याच्याच ‘वेव्ह मोबिलिटी’ने छतावर सौरपट्टी असलेल्या चिमुकल्या ‘ईव्हा’चा नमुना २०२३च्या ऑटो एक्स्पोत ठेवला होता. दोन वर्षांनी तिची किंमतही जाहीर झाली. आणि काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्यांत गुंडाळलेली एखादी अनोळखी गाडी पुणे-नाशिक रस्त्यावर दिसली, की मागचा दुचाकीस्वार मोबाइल काढतोच.

त्या नक्षीच्या पट्ट्या काढून गाडी लोकांच्या अंगणात कधी येणार, हा माझा प्रश्न आहे. दिमाखदार सोहळ्यात गाडी पाहता येते, शोरूममध्ये अर्धा तास चालवता येते. पण माळशेज घाटात जुलैच्या पावसात, चार माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून बॅटरी किती उतरते, हे आठवडाभर वापरल्याशिवाय कळत नाही. तसाच १९९४चा गॅरेजचा नियम इथे लावला, तर मुंबई-पुण्यातली बहुतेक घरं पहिल्याच पायरीवर बाद होतील. आपली गाडी सोसायटीच्या खांबांमध्ये उभी असते. तिथे चार्जर बसवायचा म्हणजे आधी समितीची ना-हरकत, मग मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंतची केबल, मग तिचा खर्च कोणी करायचा यावर सर्वसाधारण सभेतला वाद. विजेच्या गाडीची खरी परीक्षा इथे होते आणि ही परीक्षा गाडी विकायला काढण्याआधी व्हायला हवी.

चाकणच्या किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनीने पुढचा नमुना असा घराघरांत द्यावा. त्यातल्या निम्म्या गाड्या तरी स्वतःचं गॅरेज नसलेल्या कुटुंबांकडे जाव्यात. आणि त्यांनी भरलेल्या नोंदवहीची एक प्रत कंपनीकडे, तर दुसरी राज्याच्या परिवहन विभागाकडे, कोणालाही वाचता येईल अशी ठेवली जावी.