उंच मुलीची गोष्ट

आपल्याकडे मुलगी उंच झाली, की आईबापांच्या काळजीला फाटे फुटतात. ‘एवढ्या उंच मुलीला स्थळ कुठून आणायचे?’ शीळफाट्यावरून कॉलेजला जाताना बसमध्ये ही कुजबुज मी पुष्कळदा ऐकली आहे. अशा आयांना मी पुण्याच्या शिरीन लिमयेची हकीकत सांगतो.

बास्केटबॉलचे लोखंडी कडे जमिनीपासून दहा फुटांवर. तिथे उंची हे केवढे भांडवल! २०१७ साली बंगळूरला महिला आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे, अवघ्या दोन गुणांनी हरवले आणि ‘अ’ विभागात प्रवेश मिळविला. त्या संघात शिरीन होती. पुढे २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ती भारताची कर्णधार होती; संघ उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

दहा-दहा मिनिटांचे चार डाव खेळण्याचा दम काही एका दिवसात येत नाही. आणि आपण? दहावीचे वर्ष उजाडले, की ‘आता खेळ पुरे’ म्हणून मुलीचे बूट माळ्यावर टाकतो!

वाचकहो, यंदा दिवाळीच्या कपड्यांबरोबर मुलीसाठी एक चेंडूही आणा. स्थळे पुढेही येतील. खेळ शिकण्याचे वय मात्र परत येत नाही.