हुन्नेस्टाड स्मारकशिळा

दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतातील एक व्हायकिंगकालीन (इ. स. सु. १०००) कोरीव शिळासमूह. ईस्टाड शहराच्या वायव्येस, मार्सविन्सहोम जहागिरीच्या परिसरातील हुन्नेस्टाड येथे तो उभा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो मोडला गेला आणि त्याच्या शिळा विखुरल्या.

स्कोने हा प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्ककडे होता. त्यामुळे डॅनिश पुरातत्त्वज्ञ ओले वर्म याने आपल्या १६४३ च्या ग्रंथात या समूहाची नोंद केली आणि त्याचे चित्रही दिले. त्या वेळी तेथे आठ शिळा होत्या. त्यांपैकी पाचांवर चित्रे होती आणि या पाचांतील दोहोंवर रूनिक लिपीतील लेख होते. कुऱ्हाडधारी पुरुषाचे चित्र असलेल्या शिळेवर एस्ब्यर्न आणि तुमी यांनी ती रोई व लेकफ्रोद या गुन्नी हांडच्या मुलांच्या स्मरणार्थ उभारल्याचे म्हटले आहे. क्रूस कोरलेल्या दुसऱ्या शिळेवर उभारणारा एकटा एस्ब्यर्न आहे, आणि ती आहे गुन्नी हांडचा मुलगा तुमी याच्या स्मरणार्थ. पहिल्या लेखात भावांचे स्मारक करणारा तुमी दुसऱ्या लेखात स्वतःच मृत आहे. एका घराण्यातील मृत्यूंचा हा क्रम दोन्ही शिळा एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही. एस्ब्यर्न हाही गुन्नीचाच मुलगा असावा, असा तर्क करतात. लेखात मात्र तसे म्हटलेले नाही.

तिसऱ्या शिळेवर सापांचा लगाम हाती धरून लांडग्यावर स्वार झालेली स्त्री आहे. बाल्डर या देवाच्या अंत्यविधीच्या वेळी त्याची नौका पाण्यात लोटण्यासाठी आलेली हिरोकिन ही राक्षसी ती असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. क्रूस आणि ही जुनी देवकथा एकाच समूहात यावी, हे त्या धर्मांतरकाळाला साजेसेच आहे.

जहागिरीचा मालक एरिक रूथ (१७४६–१८२०) याने बहुधा १७८२ ते १७८६ च्या दरम्यान, जहागिरीच्या आधुनिकीकरणाच्या वेळी, हा समूह मोडला. शेतीची घडी नव्याने बसविणाऱ्याला अशा शिळा म्हणजे बांधकामाचा आयता दगड. वर वर्णिलेल्या तीन शिळा वाचल्या. त्या आता लुंड येथील कुल्टुरेन संग्रहालयात आहेत. डिसेंबर २०२० मध्ये त्याच परिसरात सांडपाण्याच्या नळासाठी खोदकाम चालू असता एक श्वापद कोरलेली चौथी शिळा मिळाली. ती पूर्वी एका पुलाच्या बांधकामात वापरली गेली असावी. ती हुन्नेस्टाडचीच, हे ठरविता आले ते वर्मच्या चित्रामुळे.

उरलेल्या चारांपैकी एकच चित्रांकित आहे. बाकीच्या तीन शिळांवर काहीच कोरलेले नव्हते. एखाद्या भिंतीत वा पायात त्या आजही असल्या, तरी ओळखू येण्याचा संभव फार थोडा.