निवाडा करणारा तटस्थ दिसतो का?

डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा करायला डॉक्टरही बसतात. उपचार बरोबर होता की नाही, हे त्या विषयातल्या जाणकारालाच नीट कळतं. अडचण अशी की, वैद्यकीय क्षेत्रात ओळखी फार. निवाड्याला बसलेला सदस्य आरोपी डॉक्टरचा जुना सहकारी किंवा तक्रारीच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाचा भागीदार निघू शकतो. अशा वेळी त्याने बाजूला व्हायचं का, हे ठरवण्याची रीत ऑस्ट्रेलियात बरीच स्पष्ट झाली आहे.

न्यू साउथ वेल्स राज्यात गंभीर तक्रारीचा तपास करून ती चालवण्याचं काम एक स्वतंत्र आयोग करतो. निकाल मात्र न्यायाधिकरण देतं. त्यात साधारणपणे चौघे असतात: कायद्याचा एक जाणकार, त्याच व्यवसायातले दोघे आणि व्यवसायाबाहेरचा एक. आरोप ठेवणारा आणि निकाल देणारा वेगळे, हीच पहिली खबरदारी.

तरीही एखाद्या सदस्याबद्दल शंका आली, तर त्याच्या मनात खरोखर आकस होता हे सिद्ध करावं लागत नाही. तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या हायकोर्टाने एब्नर प्रकरणात २००० साली कसोटी सांगितली ती अशी: वस्तुस्थिती माहीत असलेल्या समंजस, त्रयस्थ माणसाला, हा सदस्य कदाचित मोकळ्या मनाने निर्णय घेणार नाही, असं रास्तपणे वाटू शकेल का? हा त्रयस्थ भोळा नसतो, तसाच संशयखोरही नसतो.

कसोटी दोन पायऱ्यांनी लावतात. आधी शंकेचं कारण नेमकं सांगायचं: पैशाचा संबंध, नातं, आधी व्यक्त केलेलं मत. मग त्या कारणामुळे निकाल गुणदोषांवरून ढळू शकतो तो कसा, हे जोडून दाखवायचं. दोघे एकाच वैद्यकीय परिषदेला हजर होते, एवढ्याने ही दुसरी पायरी चढता येत नाही. साक्षीदार आणि सदस्य एकाच दवाखान्याचे भागीदार असतील, तर येते. आधीचं मतही महागात पडू शकतं. लिव्हसी या बॅरिस्टरवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांनी पूर्वीच्या एका खटल्यात महत्त्वाच्या साक्षीदारावर ठाम अविश्वास नोंदवला होता. त्यांनी पुन्हा बसायला नको होतं, असं म्हणत हायकोर्टाने १९८३ मध्ये तो निर्णय रद्द केला.

हरकत सहसा त्या सदस्यासमोरच घेतात. ती फेटाळली गेली, तर वरच्या न्यायालयात जाता येतं. पण कारण माहीत असूनही गप्प बसलं, तर हक्क जातो. हा नियम आपल्याकडेही आहे. मानकलाल या वकिलावरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात चौकशी मंडळाच्या अध्यक्षांनी पूर्वी तक्रारदाराची वकिली केली होती. त्यांनी तिथे बसणं चूकच होतं, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली म्हटलं. पण हरकत वेळेवर न घेतल्यामुळे मानकलालना त्याचा फायदा मिळाला नाही.

म्हणून चौकशीला सामोरं जाणाऱ्या डॉक्टरने, आणि तक्रारदारानेही, मंडळावर कोण आहे हे सुरुवातीलाच पाहावं. शंका असेल तर ती कारणासह, लेखी आणि लगेच मांडावी. निकाल विरुद्ध गेल्यावर आठवलेल्या हरकतीला न्यायालयं फारशी किंमत देत नाहीत.