शिडाच्या जहाजाचं चित्र घेताना आधी वारा पाहा

घरासाठी शिडाच्या जहाजाचं चित्र घेताना बहुतेक जण रंग आणि माप पाहतात. सोफ्यामागे शोभलं की झालं. माझ्या मते आधी वारा पाहावा. पाठीवर वारा घेऊन चाललेल्या जहाजाचं निशाण पुढे, नाळेच्या दिशेने फडकतं, कारण वारा जहाजापेक्षा वेगवान असतो. मोटारीवरच्या झेंड्यासारखं ते मागे उडताना दिसलं, तर चित्रकाराला समुद्र ठाऊक नाही असं खुशाल समजा. लंडनच्या मॉल गॅलरीजमध्ये रॉयल सोसायटी ऑफ मरीन आर्टिस्ट्सचं प्रदर्शन दरवर्षी भरतं. तिचे माजी अध्यक्ष जेफ हंट यांच्या चित्रांत शीड, लाट आणि निशाण एकाच वाऱ्याचं ऐकतात.

कला म्हणजे नौकानयनाचं पाठ्यपुस्तक आहे का, हा आक्षेप रास्तच. कॉर्नवॉलच्या आल्फ्रेड वॉलिसने पुठ्ठ्यांवर रंगवलेल्या होड्यांचं यथार्थदर्शन साफ चुकलेलं, तरी त्या टेटच्या संग्रहात आहेत. पण वॉलिस स्वतः दर्यावर्दी होता. त्याचं प्रमाण सुटतं, होडीची चाल नाही. शिल्पात तर शिडाऐवजी नुसता वाकवलेला पत्राही चालेल, फक्त त्याच्या फुगवट्यात वाऱ्याचा दाब जाणवायला हवा. मूळ चित्र परवडत नसेल, तर चित्रकाराच्या सहीची, क्रमांक घातलेली मर्यादित प्रत घ्या.